भिंगरीचा डबा

सोमवार, ३ तारीख

आज इतका राग आला आहे की तो कुठेतरी उतरवल्याशिवाय जेवण पचायचं नाही. ही वही भिंगरीच्या कचेरीतून आलेली, वर्षभर कपाटात कोरी पडून होती. वार मागच्या वर्षीचे छापलेत, ते खोडून मी माझे घालते आहे. शिक्षण माझं चौथीपर्यंत, आणि चौथीच्या परीक्षेला ताप होता. पण अक्षर चांगलं आहे. एकतीस वर्षं काचसामानाच्या कारखान्यात पॅकिंगला होते आणि पेट्यांवरचे पत्ते मीच लिहायचे. आमच्या हातच्या पेटीतून फुटका पेला निघाला असं कुणी म्हणून दाखवावं. पण ते राहू दे, राग राहील बाजूला.

भिंगरी म्हणजे माझी नात, मुलाची मुलगी. मुलगा आणि सून दूरच्या शहरात, ही कॉलेजसाठी माझ्याकडे आली ती राहिलीच. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून भिंगरी. आता दिवसभर जेवणाच्या टेबलाशी कॉम्प्युटरसमोर खिळल्यासारखी बसते, तरी नाव तेच.

तिने एक प्रोग्रॅम लिहिला आहे. दवाखान्यात लसी ठेवायचे फ्रीज असतात. फ्रीज गरम झाला तर लस वाया जाते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. भिंगरीचा प्रोग्रॅम फ्रीजवर नजर ठेवतो, गरम व्हायला लागला की नर्सच्या फोनवर कोकलतो. किती चांगलं काम आहे. मी जिन्यात भेटेल त्याला सांगते.

आता हे कसं असतं, तर भिंगरी जे लिहिते ते निदान अक्षरांसारखं दिसतं. मग कॉम्प्युटर ते दळतो आणि त्याचा एकच गोळा करतो. तो गोळा माणसाला वाचता येत नाही, कॉम्प्युटरला कळतो. आमच्या टेबलावर तो झकास चालतो. पण दवाखान्यात पाठवायचा तर एका डब्यात भरून पाठवायचा. डब्यात घातला की कुठल्याही कॉम्प्युटरवर सारखाच चालतो, असं म्हणतात. ती त्याला कधी इमेज म्हणते, कधी कंटेनर. मी डबाच म्हणते.

तिच्यावरचे साहेब बोलायच्या आधी दर वेळी घसा खाकरतात, म्हणून घरात त्यांचं नाव घसासाहेब. त्यांनी फर्मान काढलं, डबा अगदी लहान हवा, आत गोळ्याशिवाय काही नको. पोरीने तसं केलं. आणि दवाखान्याचा कॉम्प्युटर काय म्हणतो? फाइल सापडत नाही.

भिंगरीने मला डबा उघडून दाखवला. आत एकच फाइल, नाव तेच, डोळ्यांसमोर. आणि हा म्हणतो सापडत नाही. एवढा धडधडीत खोटेपणा मी माणसांतसुद्धा पाहिला नाही. घसासाहेबांनी काय म्हणावं? "नीट बघ, तुझंच काहीतरी राहिलं असेल." म्हणजे तुम्ही सांगितलं आत काही ठेवू नको, आणि आता म्हणता काही राहिलं असेल.

ऑपरेशन झालेला गुडघा आज बरा होता. संध्याकाळी भिंगरी कॉम्प्युटर मिटून माझ्याजवळ येऊन बसली तेव्हा मात्र ठणकायला लागला. तिने मलम लावून दिलं.

मंगळवार, ४

खोटेपणाचं कारण सापडलं. भिंगरी म्हणाली, आजी, माझा गोळा सगळं स्वतः करत नाही. वेळ विचारायची, फाइल उघडायची, असल्या कामांना त्याला मदतनीस लागतात. ते आपल्या कॉम्प्युटरमध्ये आधीच बसलेले असतात, म्हणून इथे चालतं. रिकाम्या डब्यात ते कुठून येणार? आणि त्यातला जो गोळ्याला हात धरून सुरू करतो, तोच नव्हता.

मग म्हणावं ना तसं, मी म्हटलं. माणूस दारात उभा आहे, दार उघडणारा जागेवर नाही, आणि आतून ओरडतात की माणूसच आलेला नाही. अशाला काय म्हणायचं? भिंगरी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

दुपारी तिला फोन आला तो घेऊन ती गॅलरीत गेली. फोन मोठ्या बाईंचा, म्हणजे मुख्य कचेरीतल्या. वाळलेले कपडे काढायला मी मागे गेले तर एवढंच कानावर पडलं, "सहा महिने म्हणजे... नाही मॅडम, काम आवडेल, पण घरी जरा... सोमवारपर्यंत कळवते." मला बघून आवाज खाली. मी विचारलं तर म्हणे, काही नाही, कामाचं. सहा महिने रोज जादा काम करून घ्यायचा विचार दिसतो. आणि वर सोमवारपर्यंत उत्तर द्या म्हणे. पोरीच्या जिवावर उठलेत.

नंतर ती बाहेर गेली तेव्हा मी स्टुलावर चढून पंखा पुसला. किती धूळ. स्टूल जागेवर ठेवून टाकलं, उगाच बोलणी नकोत.

गुरुवार, ६

काल लिहिलं नाही. काल फक्त चिडचिड झाली, ती तोंडीच संपली.

आजची गोष्ट मोठी आहे. सकाळपासून भिंगरी एकेक मदतनीस शोधून डब्यात घालत होती. एक घातला की दुसरा नाही म्हणून रड. तिच्याकडे एक यादीही असते, डब्यात काय घ्यायचं नाही याची. टिपणं, जुने कागद, खाजगी गोष्टी, असलं सगळं त्या यादीत लिहून ठेवायचं, म्हणजे चुकूनही आत जात नाही.

शेवटी मला राहवलं नाही. मी तिला कारखान्यातली गोष्ट सांगितली. एकदा काचेच्या बरण्यांच्या दोनशे पेट्या बाहेरगावी गेल्या, आणि बुचं इकडेच राहिली. तिकडचा माणूस बरण्या घेऊन बसला. सगळ्या परत आल्या, आणि परत येताना मात्र फुटल्या. त्या दिवसापासून आमच्या मुकादमीणबाईंचा नियम, शंका आली की भरा. जास्त झालेलं तिकडे गेल्यावर बाजूला ठेवता येतं, राहिलेलं तिकडे गेल्यावर घालता येत नाही. मी म्हटलं, भिंगरे, कसली यादी आणि कसलं काय, सगळं भर.

तिने कीबोर्डवरचे हात काढले. मग म्हणाली, "आजी, तुझ्या मुकादमीणबाईंना माझ्या साहेबांच्या जागी बसव." आणि खरंच तिने एक मोठा डबा घेतला, ज्यात मदतनीस आधीपासून असतात. न घेण्याची यादी बाजूला सारली आणि तिचं अख्खं फोल्डर त्यात ओतलं. म्हणाली, आत्ता चालू तर होऊ दे, आवराआवर मग करते.

आणि चालला. पहिल्या फटक्यात. दवाखान्यातल्या बाईंनी फ्रीजचं दार उघडं ठेवून पाहिलं आणि त्यांच्या खिशात फोन कोकलला. इकडे आम्ही दोघी टेबलावर हात आपटत होतो. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई विचारायला आल्या, काय पडलं. मी म्हटलं, पडलं नाही, उभं राहिलं.

शुक्रवार, ७

लोकांना चांगलं बघवत नाही. चाललेल्या डब्यावर आता घसासाहेबांची तक्रार, डबा जड आहे. दवाखान्याची इंटरनेटची लाइन बारीक, डबा पोचायला पाऊण तास लागला. अहो, पोचला ना? म्हणे असे चाळीस दवाखाने आहेत, बरेच डोंगरात, तिथे लाइन याहून बारीक. आणि म्हणे आत एवढं काय भरलंय ते मी उघडून बघतो.

हे ऐकलं आणि भिंगरीचा चेहरा उतरला. तिने घाईघाईने डब्यातून काहीतरी काढून टाकलं आणि डबा परत पाठवला. आणि गंमत अशी की वजन तेवढंच. काढलं, तरी तेवढंच. मी म्हटलं, तराजू बिघडलाय तुमचा. ती म्हणाली, तसं नाही, डबा थराथरांचा असतो. एकदा खालच्या थरात गेलेली वस्तू वरून काढली तरी नुसती झाकली जाते, खाली असतेच. ज्याला बघायचंय तो थर उचलून बघू शकतो.

मी विचारलं, एवढं काय आहे त्यात? काही नाही म्हणाली, आणि नख खात बसली. आमच्या वेळी पेटी उघडून वस्तू काढली की निघायची. हे असले कसले डबे, ज्यातून गेलेलं बाहेर येत नाही. कुणी काढली असेल ही युक्ती, त्याला एकदा आमच्या पॅकिंगला आठवडाभर उभं करायला हवं.

संध्याकाळी फिरायला चल म्हणाली तर मी गुडघा दाखवला. मग ती पण गेली नाही. दोघी घरीच बसलो, गप्पा मारल्या, छान वाटलं. मग ती खिडकीशी जाऊन रस्त्यावरची माणसं बघत राहिली. माझ्यापुढे कामाचा राग काढत नाही बिचारी.

रविवार, ९

 आधी झालं ते सरळ लिहिते.

सकाळी बेल वाजली. भिंगरी माझं मलम संपलं म्हणून औषधाच्या दुकानात गेली होती. मी तरातरा जाऊन दार उघडलं, तर घसासाहेब. पडद्यावर दिसतात त्यापेक्षा बुटके आणि वयाने बरेच लहान, पायात दोन रंगांचे मोजे. सोमवारच्या आत डबा नव्याने भरायचा, आणि तो तिच्याच कॉम्प्युटरवर बसून भरलेला बरा, म्हणून आले होते.

बसा म्हटलं आणि मग सोडलं नाही. आठवड्याचं सगळं बाहेर काढलं. रिकामा डबा तुम्ही सांगितलात, बोलणी तिने खाल्ली. चालला तर जड म्हणालात. आणि आता सहा महिने रोज जादा काम, ते कशासाठी? पोरगी नकोशी झाली असेल तर तसं तोंडावर सांगा, असं छळून घालवू नका. ते तीन वेळा घसा खाकरून बोलायला बघत होते, मी दम घेतला तेव्हा त्यांना जागा मिळाली.

म्हणाले, "आजी, घालवायचं कुठे, मोठ्या मॅडमकडे तिचं नाव मीच दिलंय. चाळीस दवाखान्यांत हे बसवायला कुणीतरी मुख्य म्हणून जायला हवं. सहा महिने तिकडे राहून. तिच्याशिवाय दुसरं कोण आहे आमच्याकडे? पण ती नाही म्हणणार, तुम्हाला तर ठाऊकच आहे."

मला काहीच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, नाही कशाला म्हणेल? तर ते स्वतःच्या मोज्यांकडे बघायला लागले. माझा चेहरा बघून त्यांच्या लक्षात आलं असावं. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा निघालं. डबा जड का म्हणून त्यांनी थर उचलून पाहिले, आत एक कागद होता, त्यांना वाटलं प्रोग्रॅमची टिपणं. उघडलं तर भिंगरीने मोठ्या बाईंना लिहिलेलं पत्र. अजून न पाठवलेलं.

मी म्हटलं, वाचून दाखवा. ते म्हणाले, पत्र तिचं आहे, मी आधीच वाचायला नको होतं. मी म्हटलं, माझ्याबद्दल आहे ना त्यात? मग निम्मं माझं आहे, निम्मं वाचा.

त्यांनी खाली मान घालून वाचलं. "हे काम मला मनापासून हवं होतं. पण घरी माझी आजी आहे. गुडघ्याच्या ऑपरेशनला पाच महिने झाले तरी तिला माझ्याशिवाय चालता-फिरता येत नाही. तिला एकटं सोडून मला जाता येणार नाही. कृपया दुसऱ्या कुणाला पाठवावं."

चालता-फिरता येत नाही. मला. अंगाचा तिळपापड झाला. त्यांच्यासमोर ताडकन उठले, स्वयंपाकघरात गेले, पाण्याची भरलेली कळशी उचलली, परत ठेवली. मग लक्षात आलं की हे सगळं बघायला भिंगरी इथे नाही. ती माझं मलम आणायला गेली आहे.

तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. गुडघा दुखत नव्हता. भिंगरी घरात नसली की तो दुखत नाही. हे मला माहीत होतं की नव्हतं, हे आत्ता लिहितानाही ठरवता येत नाही.

भिंगरी आली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी नको म्हणून मान हलवली, पत्राचा विषय तिथेच राहिला. चहा केला. ते दोघं दुपारपर्यंत डबा भरत बसले. आता त्यांनी निराळंच केलं. दळतानाच सगळे मदतनीस गोळ्याच्या पोटात घातले, म्हणजे बाहेर कुणी लागायलाच नको. मोठ्या जागेत दळायचं, आणि कोऱ्या डब्यात नुसता गोळा ठेवायचा. जुना डबा थरांसकट फेकला, न घेण्याची यादी पुन्हा जागेवर आली. नवा डबा एवढासा, आणि दवाखान्यात मिनिटभरात पोचून चालूही झाला. साहेब म्हणाले, बघा आजी, आता याला कुणीही लागत नाही. मी म्हटलं, असं कुणी नसतं हो. पण म्हटलं ते हळू.

सोमवार, १०

सकाळी भिंगरी मलमाची ट्यूब घेऊन आली. मी म्हटलं, ती ठेव आणि चपला घाल.

तीन मजले उतरले, कठडा न धरता. ती मागून आजी हळू, आजी हळू. चौकापर्यंत गेलो, भाजीवालीच्या गाडीला वळसा घातला, परत तीन मजले वर. दारात पोचले तेव्हा धाप मला कमी लागली होती आणि तिला जास्त.

भिंगरी दारातच उभी राहिली. "कधीपासून?" म्हणाली.

"दोन महिने तरी झाले."

"आणि मलम?"

"तू लावतेस ना. बरं वाटतं."

मला वाटलं होतं हसेल, नाहीतर गळ्यात पडेल. तसलं काही नाही. पोरगी अशी भडकली की मी आठवडाभर जो राग राग करत होते तो अगदीच लिंबूटिंबू वाटावा. मैत्रिणींबरोबर जायची सहल तिने सोडली होती. एका लग्नाला गेली नव्हती. बाथरूममध्ये मी पडेन म्हणून दोन महिने दाराबाहेर कान देऊन उभी राहायची. मी म्हटलं, आणि तू काय केलंस? तुझं ते पत्र साहेबांकडून वाचून घेतलंय मी, निम्मं माझंच होतं. मला न विचारता परक्या बाईला कळवायला निघालीस की मला चालता येत नाही. एकतीस वर्षं उभ्याने पेट्या भरलेल्या बाईला. मी तुला नको जाऊ म्हटलं होतं का कधी?

"तू म्हणत नाहीस आजी," ती म्हणाली. "तू गुडघा धरून बसतेस."

मी आत जाऊन तांदूळ धुवायला घेतले. 

जेवणापर्यंत तिचा राग तसाच. मी वाढलं, तिने खाल्लं, भांडी आपटत घासली. मग टेबलाशी बसली आणि बराच वेळ लिहीत होती. मी लांब बसून वाटाणे सोलत होते, सगळे सोलून झाले तरी टरफलंच निवडत होते. शेवटी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवून म्हणाली, वाच, यात सगळंच तुझं आहे. चष्मा लावून वाचलं. दोनच ओळी होत्या. सहा महिन्यांसाठी यायला तयार आहे. घरी कोणतीही अडचण नाही.

मी म्हटलं, पाठव. तिने बटण माझ्याकडून दाबून घेतलं. इतकी दुष्ट.

बुधवार, २६

भिंगरीला जाऊन सहा दिवस झाले. निघताना अजून थोडी घुश्शातच होती, पण सामान मी भरलं ते तिला चाललं. साहेब गाडीपर्यंत आले होते, मोजे अजूनही दोन रंगांचे.

आज फोन आला. डोंगरातल्या पहिल्या दवाखान्यात डबा आला, उघडला आणि लगेच चालला. तिथल्या नर्सबाईंनी तिला जेवायला घातलं, आणि तिकडच्या डॉक्टरांना वाटत होतं फ्रीज चांगला आहे, तर तो रोज दुपारी तापतोय असं निघालं. तिचा आवाज असा होता, काय सांगू. लहानपणी अंगणात गरगर फिरून धपकन बसायची आणि मग हसत सुटायची, तसा.

मग म्हणाली, "आजी, चालतेस ना?" मी म्हटलं, आत्ताच बाजारातून आले. खोटं नव्हतं, सकाळी गेले होतेच. फक्त तेव्हापासून पाय स्टुलावर ठेवून बसले आहे हे सांगितलं नाही.

कारण त्या दिवशी दाखवायच्या नादात तीन मजले उतरून चढले, आणि ती गेल्यापासून सहा दिवस रोज दोनदा, कुणी बघायला नसतानाही. आता गुडघा खरा दुखतो आहे. असा की रात्री कूस बदलताना कळतं. दोन महिने ज्याचं नाव घेत होते तो आता स्वतः हजर झाला, आणि सांगायची सोय राहिली नाही. भिंगरीला सांगितलं तर पहिल्या गाडीने परत येईल, किंवा त्याहून वाईट म्हणजे विश्वासच ठेवणार नाही. खालच्या नर्सबाईंना सांगावं, तर त्या गेल्या सहा दिवसांत चौथ्यांदा साखर मागायला आल्या होत्या. त्यांच्याकडे साखर आहे, मी डबा भरलेला पाहिलाय. भिंगरीने माझ्यावर पाळत बसवली आहे. माझ्याच घरात.

संताप आला. उद्या त्या पाचव्यांदा आल्या की साखर देणार नाही. आत बोलावणार, खुर्चीत बसवणार, आणि हा गुडघा त्यांच्यासमोर ठेवून म्हणणार, बघा, काय करायचं ते सांगा. आणि तिला फोनवर काय कळवायचं ते आपण दोघी मिळून ठरवू.